सर, सिग्नल गेलाय

या संवादातली दोघं मी रचलेली आहेत. मामा हाडांचे निवृत्त सर्जन. सांगली-मिरजेकडे मणक्यांची ऑपरेशनं करण्यात त्यांची हयात गेली. भाची पुण्यात इंट्राऑपरेटिव्ह न्यूरोमॉनिटरिंग करते, म्हणजे ऑपरेशन चालू असताना पेशंटच्या मज्जासंस्थेवर नजर ठेवते. पात्रं काल्पनिक असली तरी वाद खरा आहे. ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीत, तो क्वचित मोठ्या आवाजात आणि एरवी मनातल्या मनात चालू असतो. दिवाळीची जेवणं झाली आहेत आणि मामांनी विषय काढला आहे.

मामा : तुझ्या आईला विचारलं, पोरगी ओटीत नक्की करते काय? ती म्हणाली, ईईजी काढते. मला काही पटेना.

भाची : आईचं निम्मं बरोबर आहे, कधीकधी ईईजीही पाहते. पण वाकडा कणा सरळ करायचं ऑपरेशन असलं, की मुख्य काम दोन रस्त्यांवर पहारा देण्याचं. घोट्यापाशी टिबियल नर्व्हला हलका झटका द्यायचा आणि तो मज्जारज्जूतून चढत मेंदूपर्यंत पोचला का, ते डोक्यावरच्या सुईतून पाहायचं. हा संवेदनेचा रस्ता. दुसरा उलट दिशेचा. डोक्यावरून मेंदूला झटका द्यायचा आणि पायाचे स्नायू उत्तर देतात का पाहायचं. सुरुवातीला दोन्ही नोंदवून ठेवायचे, ती बेसलाइन. मग ऑपरेशन संपेपर्यंत प्रत्येक रेघ त्या बेसलाइनशी ताडून बघायची.

मामा : एवढं मला माहीत आहे गं. निवृत्त झालोय, वाचन सोडलेलं नाही. माझं म्हणणं निराळं आहे. आम्ही हे पेशंटलाच विचारायचो. रॉड बसवून कणा ताणला, की भूलतज्ज्ञाला सांगायचं, भूल हलकी कर. पोर अर्धवट शुद्धीवर आलं की म्हणायचं, हात दाब. हात दाबला म्हणजे ऐकू येतंय. मग म्हणायचं, आता पाय हलव. पाय हलले की पुन्हा झोपवायचं आणि जखम शिवायला घ्यायची. आदल्या दिवशी वॉर्डात याची तालीम व्हायची. जतकडची कानडी पोरं यायची, त्यांच्यासाठी मी दोन वाक्यं घोकून ठेवली होती. यंत्र नाही, सुया नाहीत, बिलात वेगळी ओळ नाही.

(ही वेक-अप टेस्ट. फ्रान्समधल्या ल्यों शहराचे स्टाग्नारा आणि त्यांचे सहकारी व्होझेल यांनी ती १९७३ मध्ये मांडली. हॅरिंग्टन रॉडने कणा ताणून सरळ करण्याचा तो काळ होता आणि ताण जास्त झाला तर पाय जाण्याची धास्ती प्रत्येक सर्जनला होती. पेशंटला मध्येच जागं करणं आज अघोरी वाटेल. पण त्या काळी याहून खात्रीचं उत्तर देणारं दुसरं काही नव्हतं, हे मामांच्या बाजूने नोंदवलंच पाहिजे.)

भाची : ती टेस्ट मोडीत निघालेली नाही. माझे सिग्नल गेले आणि काही केल्या परत येईनात, की आजही सर्जन तीच करायला सांगतात. पण ती एका क्षणापुरतं उत्तर देते, मामा. तुम्ही पाय हलवून घेतलेत, पोराला झोपवलंत, आणि नंतर अर्ध्या तासाने रक्तदाब उतरला, तर? पालथं झोपलेलं पोर दचकलं आणि श्वासाची नळी निघाली, तर? तीन-चार वर्षांच्या मुलाला काय विचारणार? ऐकू न येणाऱ्याला? आणि पाय हललाच नाही, तर बिघाड नेमका कधी झाला हे कसं कळणार?

मामा : शेवटी जे केलं ते आधी काढायचं.

भाची : आणि बिघाड दुसऱ्या स्क्रूच्या वेळीच झाला असेल तर?

मामा : बरं, तो मुद्दा सोडतो. पण तुमच्या यंत्राची कीर्तीही मला ठाऊक आहे. हे प्रकरण नवं होतं तेव्हा आमच्या मासिकांत केसेस छापून यायच्या. ऑपरेशनभर सिग्नल उत्तम, सगळे खूश, आणि पेशंट उठला तो दोन्ही पाय गमावूनच. असा पहारेकरी काय कामाचा?

भाची : कारण तेव्हा फक्त संवेदनेच्या रस्त्यावर पहारा होता. तो मज्जारज्जूच्या मागच्या भागातून जातो. पुढच्या दोन-तृतीयांश भागाला रक्त पुरवणारी धमनी वेगळी. ती बंद पडली तर मागचा भाग शाबूत राहतो, रेघ सुरेख दिसते, आणि पाय लुळे पडतात. तुमच्या मासिकांतला आक्षेप खरा होता, म्हणूनच तर मोटर सिग्नलच्या, म्हणजे स्नायूंच्या उत्तराच्या, मागे लोक लागले.

(मर्टन आणि मॉर्टन या दोघांनी १९८० मध्ये शुद्धीवर असलेल्या माणसाच्या कवटीवरून विजेचा झटका देऊन स्नायू हलवून दाखवला. पण भूल दिलेल्या पेशंटमध्ये एक झटका पुरत नसे. १९९३ मध्ये तानिगुची, सेडझिक आणि श्राम यांनी मेंदूच्या पृष्ठभागावर एका झटक्याऐवजी झटक्यांची आखूड माळ वापरली, आणि भुलेतही स्नायू उत्तर देऊ लागले. तीच युक्ती पुढे कवटीवरून वापरात आली. आज भाची जे करते त्याची मुळं इथे आहेत.)

मामा : माळ म्हणजे किती?

भाची : पाच-सहा झटके, एकेकात दोन ते चार मिलिसेकंदांचं अंतर. काहीशे व्होल्टचे.

मामा : काहीशे व्होल्ट! आणि सांगतेस अशी की जणू आमटीला फोडणी देतेस.

भाची : प्रत्येक झटका मिलिसेकंदाहूनही कमी वेळाचा असतो. तरी धोका शून्य नाही, ते मी नाकारत नाही. जबड्याचे स्नायू आवळतात, जीभ चावली जाते. म्हणून दोन्ही बाजूंच्या दाढांमध्ये गॉजच्या घट्ट गुंडाळ्या ठेवायच्या, आणि पेशंट पालथा केल्यावर त्या सरकल्या नाहीत ना ते वाकून पुन्हा बघायचं. दरवेळी आधी विचारायचं, 'सर, मोटर घेऊ का?' कारण अंग उडतं, आणि त्या क्षणी त्यांचं हत्यार मज्जारज्जूला लागून असेल तर काय होईल हे तुम्हाला मी सांगायला नको.

मामा : हेच! दर थोड्या वेळाने मागून आवाज. सर, मोटर घेऊ का. सर, कॉटरी थांबवा. सर, सिग्नल कमी झालाय. मग जरा वेळाने, सर, आला परत. अगं, कणा हातात असतो तेव्हा सर्जनचा विचार एका धाग्यावर चाललेला असतो. तो दहादा तोडलात तर हात बिचकतो. बिचकलेला हात जास्त धोक्याचा. शिवाय भूलतज्ज्ञही तुझ्या तालावर नाचणार. रिलॅक्संट नको, गॅस नको.

भाची : नळी घालताना थोड्या वेळापुरतं रिलॅक्संट चालतं. नंतर दिलं तर स्नायूच उत्तर देत नाहीत, मग मी पाहू काय? भुलेचा गॅस सिग्नल दाबतो म्हणून प्रोपोफॉल शिरेतून चालू ठेवावं लागतं. भूलतज्ज्ञांची कटकट वाढते, कबूल. पण आवाजाचं म्हणाल तर, जी मुलगी रेघ खाली आली की लगेच ओरडते, तिला अजून काम शिकायचंय. मी आधी हातांकडे बघते.

मामा : कुणाच्या हातांकडे? सर्जनच्या?

भाची : पेशंटच्या. छातीच्या मणक्यांवर काम चाललंय, तर हातांकडे जाणारे धागे त्या जागेच्या वरच बाहेर पडलेले असतात. म्हणून हात हे माझे साक्षीदार. पायांबरोबर हातांचेही सिग्नल बसले, तर कणा बहुधा निर्दोष असतो. भूल खोल गेली असेल, कुणी न सांगता रिलॅक्संट दिलं असेल, रक्तदाब उतरला असेल, अंग गार पडलं असेल. हात ठणठणीत आणि दोन्ही पाय गेले, तर कण्याकडे बोट जातं. एकच पाय गेला, तर आधी त्या पायाची सुई निघाली का बघायचं, आणि शेवटचा स्क्रू कुठल्या बाजूला गेला ते आठवायचं. उलट पाय छान आणि एकाच हाताची रेघ हळूहळू उतरतेय, तर त्याचा कण्याशी संबंध नसतो बहुतेकदा. पालथ्या पेशंटचा तो हात वर ताणून फळीवर ठेवलेला असतो आणि खांद्याजवळ किंवा कोपराशी नस दाबली जात असते. भूलतज्ज्ञ चादरीखाली हात घालून कोपर जरा खाली घेतात आणि रेघ परत उभी राहते. पेशंटला याचा पत्ताही नसतो. उठल्यावर त्याचा हात सुन्न नसतो, एवढंच.

मामा : हे तू सगळं किती वेळात करतेस?

भाची : मोटरचं उत्तर तिथल्या तिथे मिळतं. संवेदनेचं नाही. मेंदूवरून मिळणारा तो सिग्नल एखाद-दुसऱ्या मायक्रोव्होल्टचा, ईसीजीच्या जवळपास हजारपट लहान. एकटा झटका गोंगाटात दिसतच नाही. सेकंदाला साधारण पावणेपाच झटक्यांच्या दराने तीनशे घेऊन त्यांची सरासरी काढली, की रेघ उमटते. म्हणजे मिनिटभर तरी गेलाच.

मामा : पावणेपाच? सरळ पाच का नाही?

भाची : आपली वीज पन्नास हर्ट्झची. पाचाने पन्नासला पूर्ण भाग जातो, मग विजेची गुणगुण दरवेळी त्याच जागी येते आणि सरासरीत साठत राहते. ४.७ ठेवला की ती इकडेतिकडे विखुरते. तरी काही ठिकाणी अर्थिंग असं असतं की विचारू नका. सकाळी सहाला पोचून ओटीच्या टेबलाचा प्लग काढ, रक्त गरम करायच्या यंत्राचा प्लग काढ, कोणत्या सॉकेटमधून गुणगुण येतेय ते शोध. सिस्टर विचारते, मॅडम इलेक्ट्रिशियन आहेत का?

(बेसलाइनपेक्षा उंची निम्म्याने घटली किंवा सिग्नल पोचायला एक-दशांश वेळ जास्त लागला, की संवेदनेच्या रस्त्यावर धोक्याची सूचना द्यावी, असा सर्वसाधारण दंडक आहे. दंडक सोपा आहे. पण तो लागू करण्याआधी वर सांगितलेली छाननी करावी लागते, आणि ती कोणत्याही यंत्रात भरून मिळत नाही.)

मामा : तुझं काम हुशारीचं आहे, यावर माझं दुमत नाही. पण हुशारी वेगळी आणि उपयोग वेगळा. याने पेशंटचे पाय वाचतात याचा पुरावा काय? अर्ध्या पेशंटना मॉनिटरिंग, अर्ध्यांना नाही, असा मोठा प्रयोग कुणी केलाय?

भाची : कोण आईबाप आपल्या मुलाला 'नाही'च्या गटात घालू देतील? तो प्रयोग होणं अवघड आहे. पण १९९५ मध्ये न्यूवर आणि सहकाऱ्यांनी स्कोलिओसिस रिसर्च सोसायटीच्या सर्जनांच्या पाहणीवरून ५१,२६३ ऑपरेशनांचा हिशेब मांडला. सिग्नल नीट राहूनही इजा निघाली, असं निश्चित म्हणता येईल अशा केसेस ०.०६३ टक्के. आणि ज्यांच्याकडे मॉनिटरिंगची अनुभवी टीम होती, त्यांच्या पेशंटमध्ये इजेचं प्रमाण नवख्या टीमच्या निम्म्याहून कमी.

मामा : आता माझी पाळी. ती प्रश्नावली होती, प्रयोग नव्हता. प्रश्नावलीत माणूस आपलं अपयश किती प्रामाणिकपणे लिहितो, हे मी तुला सांगायला नको. आणि अनुभवी मॉनिटरिंग टीम कुठे असणार? जिथे रोज कणे सरळ होतात तिथे. तिथला सर्जन मुरलेला, भूलतज्ज्ञ मुरलेला, सिस्टरसुद्धा मुरलेली. श्रेय मात्र एकट्या यंत्राला?

(इथे मामांचं पारडं जड आहे. २०१० मध्ये पुराव्यांची जी पद्धतशीर छाननी झाली तिनेही जवळपास हेच म्हटलं: मॉनिटरिंग इजा ओळखतं याचा पुरावा भक्कम आहे, इजा टाळतं याचा पुरावा तोकडा. ओळखणं आणि टाळणं यांच्यामध्ये कुणीतरी काहीतरी करावं लागतं.)

भाची : यंत्राला मी कुठे श्रेय देतेय? तो आकडा यंत्राचा नाहीच. यंत्र दोन्हीकडे होतं. फरक यंत्रासमोर बसणाऱ्यांत होता.

मामा : हं. हे मी त्या बाजूने पाहिलं नव्हतं. पण मग तुझ्या धंद्यावर दुसरा प्रश्न येतो. साधी कमरेची डिस्क काढायची असली, तरी हल्ली पॅकेजमध्ये मॉनिटरिंग. कशाला? तिथे मज्जारज्जूच नाही.

भाची : तिथे मी तुमच्याच बाजूची आहे, आणि हे बोलणं मला महागात पडतं, कारण मला पैसे केसमागे मिळतात. कण्याची विकृती, मज्जारज्जूतली गाठ, कानाच्या नसेची गाठ जिथे चेहऱ्याची नस जपायची असते, अशा ठिकाणी मी असलेच पाहिजे. सरळसोट डिस्कला माझ्यावाचून अडत नाही. थायरॉइडला स्वरयंत्राची नस सर्जन स्वतःच तपासतात, नळीवरच इलेक्ट्रोड बसवलेले असतात. सगळीकडे मला बोलावलं, तर खरी गरज असेल त्या दिवशी मी दुसऱ्याच कुठल्या तरी ओटीत अडकलेली असेन.

मामा : आता शेवटचं विचारतो, रागावू नकोस. तू डॉक्टर नाहीस. टेबलावर ज्याचं पोट, ज्याचा कणा उघडलाय त्याची जबाबदारी सर्जनची. कोर्टात तो उभा राहणार. त्याला मध्येच थांबवायचा अधिकार तुला कुणी दिला?

भाची : कुणी नाही. म्हणूनच तुम्हाला एक सांगते. एका ओटीत वाकण काढून दुसरा रॉड कसला आणि दोन्ही पायांची मोटर गेली. हात छान. सुया तपासल्या, व्होल्टेज वाढवून पाहिलं, काही नाही. म्हटलं, 'सर, सिग्नल गेलाय. दोन्ही पाय. हात आहेत.' सर म्हणाले, तुझं यंत्र नीट लाव आधी. मी दुसऱ्यांदा सांगितलं. ओटीत कुणी बोलेना. शेवटी भूलतज्ज्ञ मॅडमनी विचारलं, किती वेळ झाला? मी वेळ सांगितली. त्या म्हणाल्या, प्रेशर पडलंय, मी वाढवते, सर, तुम्ही ताण जरा सोडता का? सरांनी सोडला. थोड्या वेळाने आधी उजवा पाय आला, मग डावा. पोरगी चालत घरी गेली. मला कुणी काही म्हणालं नाही, डिस्चार्ज कार्डावर माझं नाव नसतंच. मला त्याचं वाईट नाही वाटत. वाईट याचं वाटतं की मॅडम नसत्या, तर मी तिसऱ्यांदा बोलले असते की नाही, हे मला नक्की सांगता येत नाही.

मामा : तिसऱ्यांदा बोलायचं. मी सांगतो. तुझ्या जागी माझा रेसिडेंट गप्प राहिला असता तर मी त्याला दुसऱ्या दिवशी ओटीत घेतला नसता.

भाची : रेसिडेंटला तुम्ही ओळखता. त्याला तुम्ही शिकवलंय. मी सकाळी यंत्राची पेटी ओढत आलेली, संध्याकाळी दुसऱ्या हॉस्पिटलला जाणारी बाई. माझं नावही कित्येकांना माहीत नसतं, 'न्यूरोवाली' म्हणतात.

मामा : कारण न्यूरोवाली कशी तयार झाली, हेही माहीत नसतं! सर्जन तुझ्यावर भरवसा कशाच्या जोरावर ठेवणार? यंत्र विकणाऱ्याने बटणं दाखवली आणि पोरगं ओटीत बसलं, असंही चालतंच ना?

भाची : चालतं. अमेरिकेत या कामासाठी सीएनआयएम ही वेगळी परीक्षा आहे, आणि टेक्नॉलॉजिस्ट ओटीत असताना न्यूरोलॉजिस्ट बहुधा दुसरीकडून नेटवर त्याच रेघा पाहत असतो. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत दोन वर्षांचा न्यूरोटेक्नॉलॉजीचा डिप्लोमा आहे, बंगळुरूच्या निम्हान्समध्ये शिक्षण आहे. पण एवढ्या ओटींना पुरतील इतकी माणसं तिथून कुठून निघणार? बाकीचे एकमेकांचं पाहून शिकतात. २०२१ मध्ये केंद्राने डॉक्टर-नर्सखेरीजच्या आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, तो नीट अंमलात आला तर फरक पडेल.

मामा : मग माझं मत ऐक. तू माझ्या ओटीत असतीस आणि 'सिग्नल गेलाय' म्हणाली असतीस, तर मी आधी तुला उलट विचारलं असतं. बेसलाइन कधीची? हात कसे आहेत? प्रेशर किती? कुणी काही औषध दिलंय का? याची उत्तरं तू धडाधडा दिलीस तर मी हत्यार खाली ठेवीन. अडखळलीस तर नाही ठेवणार.

भाची : हे प्रश्न विचारणारा सर्जन मिळाला तर मला आणखी काय हवंय? आणि ऑपरेशन सुरू व्हायच्या आधी, हात धुताना, एकदा म्हणा की हिचा आवाज आला तर सगळे थांबतील. एवढं एक वाक्य सगळ्यांदेखत बोललं गेलं, तर मला तिसऱ्यांदा बोलायची वेळच येणार नाही.

मामा : ते वाक्य मी म्हणायचो. वेक-अप टेस्टच्या वेळी. पोराला जागं करताना कुणी बोलायचं नाही, फक्त भूलतज्ज्ञाचा आवाज.

मामांचा पुराव्याविषयीचा संशय मला रास्त वाटतो आणि पॅकेजविषयीचा राग तर पूर्णच. पण कणा सरळ करायच्या ऑपरेशनात मी भाचीच्या बाजूचा आहे, अट इतकीच की यंत्रासमोर भाचीसारखी शिकलेली व्यक्ती हवी. तुमच्या घरात कुणाचं असं ऑपरेशन ठरलं असेल, तर सर्जनना मोकळेपणाने विचारा: मोटर सिग्नल पाहणार आहात का, यंत्रासमोर कोण बसणार, त्यांचं शिक्षण काय, आणि ती व्यक्ती शेवटचा टाका पडेपर्यंत ओटीत असणार का. चांगल्या सर्जनला या प्रश्नांचा राग येत नाही. आणि पेशंटला फिट्स येत असतील, पेसमेकर किंवा कानात कॉक्लिअर इम्प्लांट असेल, आधी कवटीचं ऑपरेशन झालं असेल किंवा एखादा दात हलत असेल, तर ते भूलतज्ज्ञांना आणि न्यूरोमॉनिटरिंगच्या माणसाला आदल्या दिवशीच सांगा. हलणारा दातसुद्धा.